सोनेरी पट्टी

समजा, तुम्ही वर्गात बसला आहात. बाई आत येतात, तुमच्या खांद्यावर हात ठेवतात आणि सगळ्यांना सांगतात की या वर्गात सगळ्यात छान पोहतं ते हे मूल. टाळ्या वाजतात. तुम्ही म्हणता, "नाही बाई, मला पोहता येत नाही." बाई आणखीच खूश होतात. म्हणतात, बघा, किती गुणी, स्वतःचं कौतुक करून घेत नाही. पुन्हा टाळ्या. मग ठरतं की सुट्टीत सगळा वर्ग नदीपार जाणार आणि पुढे पोहत तुम्ही जाणार. हे जरा डोळे मिटून बघा. घाई नको. पोटात कुठे काय होतं ते नीट बघा. तेवढं जमलं असेल, तर नागासाकीच्या एका जुन्या कॉफीच्या दुकानात, रविवारी दुपारी, चिझुरूच्या पोटात काय झालं ते मला निराळं सांगायला नको.

ट्रामच्या थांब्यासमोरचं ते दुकान. चौघांचं टेबल ठरलेलं, खिडकीजवळचं. इवानागा-सान वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांची बायको सुमियो. दाताच्या दवाखान्यात फोन घेणारी तामाकी, चौघांत लहान. आणि चिझुरू. वस्तीतल्या गाण्याच्या वर्गात ओळख झाली, वर्ग बंद पडला, रविवार उरला. गेल्या हिवाळ्यात इवानागा-साननी युरोपचा नकाशा आणला आणि टेबलाला काम मिळालं. म्युनिकला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, साल्झबुर्ग, मग डोंगर ओलांडून स्लोव्हेनिया, तिथून खाली इटलीच्या समुद्रापर्यंत. चार देश, एक गाडी. रेल्वेनं का नाही, असं तामाकीनं एकदा विचारलं होतं. इवानागा-सान म्हणाले, "रेल्वे आपल्याला नेते. गाडीत आपण जातो." त्यांनी स्वतःच्या हातानं सहलीची पुस्तिका केली होती, पिना मारून, मुखपृष्ठावर रंगीत पेन्सिलीनं काढलेला डोंगर. आत कुठे जेवायचं, कुठे शौचालय आहे, ऑस्ट्रियाच्या हद्दीआधी काचेवर कोणता टोलचा स्टिकर लावायचा, कोणाला गाडी लागते आणि म्हणून कोण पुढे बसणार, सगळं. एक रकाना फक्त मोकळा होता. त्या रविवारी ते म्हणाले, "गाडीवाल्यांना चालकाचं नाव हवंय. आपापलं लायसन्स टेबलावर ठेवा बरं."

तीन लायसन्सं टेबलावर आली. इवानागा-साननी स्वतःचं दोन वर्षांपूर्वीच पोलिसांकडे परत केलं होतं. त्यांच्या गाडीनं घराच्या फाटकाचा खांब वाकला होता आणि मुलानं फोनवर बोलणं सोडलं होतं. त्यांनी चष्मा वर केला. चिझुरूच्या लायसन्सवर तारखेमागची पट्टी सोनेरी. तामाकीची सोनेरी. सुमियोची निळी. पाच वर्षांत एकही दंड नाही, एकही ठोकर नाही, अशालाच सोनेरी मिळते, हे त्या टेबलावर कोणाला सांगायची गरज नव्हती. "वा," ते म्हणाले, "दोन-दोन सोनेरी. आणि आमच्या घरात ही निळी. अगं, तू अजून कुठे गाडी लावतेस आणि पकडली जातेस?" सुमियो चमच्यानं मिल्कशेक खात होती. बर्फाचा चुरा असलेला, आमच्याकडे पितात नाही, खातात तो. "जिथे लावावी लागते तिथे," ती म्हणाली, आणि लायसन्स उचलून पाकिटात ठेवलं. इवानागा-साननी पेन्सिल उचलली. "चिझुरू-सान, जर्मनी आणि ऑस्ट्रिया तुमच्याकडे. तामाकी-सान, स्लोव्हेनिया आणि इटली." चिझुरू म्हणाली, "नाही हो, मला काही येत नाही." हे अगदी खरं होतं. पण आपल्याकडे कुणी कौतुक केलं की सगळे हेच म्हणतात. उत्तम पियानो वाजवणारी बाई हे म्हणते, शाळेत पहिला आलेल्या मुलाची आई हे म्हणते. त्यामुळे ते खरं वाक्य टेबलावर पडलं आणि शिष्टाचार होऊन गेलं. लगेच तामाकी म्हणाली, "मलाही काही येत नाही," आणि चिझुरूला क्षणभर वाटलं, किती नम्र मुलगी. ही नक्की छान चालवत असणार.

त्या दिवशी घरी जाताना ट्राममध्ये ती चालकाच्या मागे उभी राहिली. चालकाचा पांढरा हातमोजा पितळी दांड्यावर. पुढे, मागे. त्या हाताला आपण काय करतोय हे माहीत होतं. तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. या हातानं गाडी शेवटची चालवली तेव्हा मुलगी, मियो, मागच्या सीटवर बसायची आणि तिचे पाय सीटच्या कडेपर्यंतही पोचत नव्हते. आता मियो स्वतः एका सहा वर्षांच्या मुलीची आई आहे आणि औषधाच्या दुकानात शनिवारीही काम करते. मधल्या काळात काय झालं? काहीच नाही, हीच तर गंमत. दर काही वर्षांनी चिझुरू लायसन्स नवं करायला केंद्रावर जाते, डोळे तपासून घेते, फोटो काढते. सोनेरी पट्टीवाल्यांना रस्त्याच्या नियमांचं भाषण आखूड असतं, शिक्षा नसलेल्या मुलांना जसं लवकर सोडतात तसं. मग काउंटरवरचा माणूस वाकून म्हणतो, सुरक्षित चालवल्याबद्दल आभार. तीही वाकते. दर वेळी तिला वाटे, हा माणूस चेष्टा करतोय का. तो करत नसे. त्याच्या यंत्रात दोन प्रकारची माणसं एकाच रंगात दिसत होती: जी कधी चुकली नाहीत ती, आणि जी कधी बाहेरच पडली नाहीत ती.

रात्री तांदूळ धुताना पाणी पांढरं होत गेलं आणि तिला देवळामागचा चढ आठवला. आठवला म्हणजे आधी पोटरीत आला. गाव असं की एक बाजू समुद्र आणि उरलेल्या सगळ्या बाजू चढ. गिअरची जुनी गाडी, पुढे थांबलेला टेम्पो, मागे लहान मियो. टेम्पो हलला. तिनं पाय उचलला आणि गाडी बंद पडली. मग गाडी मागे जाऊ लागली. जोरात नाही. अगदी सावकाश, कोणीतरी दोरी धरून ओढत असल्यासारखी. ब्रेक कुठे आहे हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं आणि पाय यांच्यामधला रस्ता कोणीतरी उचलून नेला होता. आरशातून मियो म्हणाली, "आई, आपण परत कुठे चाललोय?" मग दगडी भिंतीला गाडीचं ढुंगण टेकलं, एक कुंडी फुटली, आणि सगळं थांबलं. कोणाला काही झालं नाही. कुंडीवाल्या बाईनं उलट चहा दिला. नवरा संध्याकाळी म्हणाला, "असू दे. यापुढे मी चालवीन." किती प्रेमानं म्हणाला. रागावला असता तर तिनं कदाचित दुसऱ्या दिवशी हट्टानं किल्ली घेतली असती. पण प्रेमानं लावलेलं दार ढकलायचं कसं? त्यानंतर ती शेजारच्या सीटवर बसली आणि बसूनच राहिली, त्याचं आजारपण येईपर्यंत. तो गेल्यावर गाडी विकली. घेणारा तरुण म्हणाला होता, "काकू, कधी आठवण आली तर या, चक्कर मारून आणतो." तिला आठवण येत होती ती गाडीची नव्हती.

आणि रविवार. मुलांनो, मोठ्या माणसांना एक अडचण असते, ती कोणी सांगत नाही. शाळा नसते त्यांना. सकाळी उठून कोणाला तरी दिसायचं आहे म्हणून इस्त्री केलेला कपडा घालणं, हे त्यांच्याकडून हळूहळू निघून जातं. चिझुरूकडे आठवड्यातून एकदा ते परत आलं होतं. नकाशावर वाकलेली चार डोकी, इवानागा-सानची पेन्सिल, तामाकीचं हसणं, सुमियोची गुपचूप कोपरखळी. आता जर म्हटलं की मला खरंच येत नाही, तर सहल मोडणार, आणि ज्या माणसानं रंगीत पेन्सिलीनं डोंगर काढलाय त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं? आणि तसं म्हटलंच नाही, तर सप्टेंबरमध्ये एका परक्या घाटात, उलट्या बाजूच्या रस्त्यावर, डावीकडच्या स्टिअरिंगसमोर आपण, आणि मागे हे तिघं, गप्पा मारत, आपल्यावर विश्वास ठेवून. तिनं मनात घाट चढायला सुरुवात केली की गाडी प्रत्येक वळणावर मागे येई. इवानागा-सान त्याच्या पुढच्या रविवारी हसत म्हणाले होते, "तिकडे फक्त सगळं उलटं, एवढंच." तिला वाटलं, एवढंच असतं तर. मग ती स्वतःला समजावी: तामाकी आहे ना. म्युनिकला पोचल्यावर सांगू, पाठ दुखतेय. तामाकी सगळं चालवेल. ती आपल्याहून लहान आहे, दवाखान्यात कामाला जाते, कशानं जाते कोण जाणे, पण गाडीनंच जात असणार.

शेवटी तिनं ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. लायसन्स असूनही गाडीला हात न लावलेल्यांसाठी तिथे वेगळा वर्ग असतो. म्हणजे अशी माणसं बरीच असणार, पण हे तिला तेव्हा सुचलं नाही. तिला वाटलं, वर्ग आपल्या एकटीसाठी काढलाय. शनिवारी नात कोनोहा तिच्याकडे असते, म्हणून तिला घेऊनच गेली. तिथे मुलांसाठी खेळायची खोली आहे. "आजी, तू इथे काय शिकणार?" कोनोहानं बूट काढता काढता विचारलं. "गाडी." "पण तुझ्याकडे कार्ड आहे ना?" "कार्ड आहे." कोनोहानं विचार केला. "माझ्याकडे ग्रंथालयाचं कार्ड आहे," ती म्हणाली, "पण मला कांजी अक्षरं येत नाहीत सगळी." आणि ठोकळ्यांकडे निघून गेली. चिझुरू तिथेच बूट हातात घेऊन उभी राहिली. सगळ्यांना सांगायचं होतं ते वाक्य असं सोपं होतं तर.

शिक्षक पोरगेलासा होता, गळ्यात टॉवेल. "ब्रेक माझ्याकडेही आहे," तो म्हणाला, "तुम्ही काहीही करा, मी आहे." गाडी नव्या पद्धतीची, गिअर नसलेली. सरळ रस्त्यावर ती चालली. वळली. चालकाच्या जागेवरून जग जवळ येत होतं, आरशात मागे जात होतं, आणि तिच्या छातीत काहीतरी, फार जुनं, किंचित हललं. आनंद म्हणता येईल असं. मग मैदानातला खोटा चढ आला. सिमेंटचा, त्यावर एक पांढरी रेघ. रेघेवर थांबायचं आणि मग पुढे जायचं. ती थांबली. "आता सोडा," तो म्हणाला. तिनं सोडलं नाही. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आणि दोन्ही पायांनी ब्रेक धरून ठेवला होता. घाम कानामागून उतरत होता. "काही नाही होत. ही मागे जात नाही, नवी गाडी आहे, धरून ठेवते," तो म्हणाला. तिला कळत होतं. कळून काय उपयोग? "थांबू या का थोडं?" "थांबू या," ती म्हणाली. आणि ते थांबले, चढावर, रेघेवर. मागे दुसरी शिकाऊ गाडी येऊन उभी राहिली. चिझुरूनं आरशात पाहिलं. त्या गाडीच्या स्टिअरिंगमागे एक बाई, कोपरं ताठ, तोंड उघडं, डोळे एवढे मोठे. ती तामाकी होती.

पुढचं मला नेहमी सावकाश सांगावंसं वाटतं, कारण चिझुरूलाही ते सावकाशच कळलं. आधी वाटलं, तामाकी इथे शिकवायला येते. मग वाटलं, तामाकीनं आपल्याला पाहिलं, संपलं. मग आरशात तामाकीच्या तोंडाचा आकार बदलला आणि तिनं स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी चेहरा झाकला. तिच्या शेजारचा शिक्षक घाबरून काहीतरी म्हणत होता. चिझुरूच्या पायातली गाठ सुटली. गाडी पुढे गेली, चढ चढली, पलीकडे उतरली, आणि तिला ते तासाची घंटा वाजेपर्यंत लक्षातच आलं नाही. बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. सरबताच्या यंत्रातून घेतलेले डबे हातात, न उघडलेले. "मला वाटलं, तुम्ही रोज चालवता," तामाकी म्हणाली. "मला वाटलं, तू." "मी सायकलनं जाते हो कामाला. मी तर ठरवलं होतं, म्युनिकला हाताला प्लास्टर बांधून घेईन." "मी पाठ दुखवणार होते." तामाकी हसायला लागली, ते थांबेना, आणि चिझुरूलाही आवरेना. दोन सोनेरी पट्ट्यांच्या बायका, बाकावर, पोट धरून. कित्येक आठवडे छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेलं होतं. सहल अजून तशीच अडकलेली होती. पण ती आता दोघींची होती.

रविवारी मियोला अचानक कामावर बोलावणं आलं म्हणून कोनोहाही कॉफीच्या दुकानात होती, खुर्चीवर गुडघ्यांवर उभी, सुमियोनं आणलेली बिवाची पिवळी फळं सोलत. चिझुरूनं सगळं सांगून टाकलं. या वेळी वाक्य असं रचलं की त्याचा शिष्टाचार होऊ नये. "इवानागा-सान, माझी मुलगी लहान होती तेव्हापासून मी गाडी चालवलेली नाही. काल मी चढावर अडकले. तामाकी माझ्या मागे अडकली." इवानागा-साननी पेन्सिल खाली ठेवली, मग उचलली, मग पुस्तिका मिटली. मुखपृष्ठावरच्या डोंगरावर पडलेला फळाचा रस टिपत राहिले. "असं होय," ते म्हणाले. मग, "रेल्वेनंही छान असतं म्हणतात." त्यांचा आवाज ऐकून चिझुरूला वाटलं, ज्या दिवशी त्यांनी काउंटरवर स्वतःचं कार्ड सरकवलं असेल त्या दिवशी ते असेच बोलले असतील. नकाशावरचा प्रत्येक रस्ता हा माणूस मनात चालवत आला होता, आणि आज दुसऱ्यांदा त्याच्या हातातून किल्ली गेली.

"मी चालवते," सुमियो म्हणाली. ती बिवाची बी बशीत ठेवत होती.

"तू? तुझी निळी आहे."

"निळीच असणार. मी रोज डबे पोचवते वर म्हाताऱ्यांना. होशितानी आजोबांच्या पायऱ्या चढून येईपर्यंत गाडी काय डोक्यावर घेऊन जाऊ? एकदा लावली, एकदा पकडली. तुमच्या या सोनेरी बाया, एक तर देवमाणसं असणार, नाहीतर गाडीला हातच न लावलेल्या. आणि चिझुरू-सान, वाईट वाटून घेऊ नका, पण देवमाणूस तुम्ही नाही. मागच्या वेळी शेवटचं सँडविच तुम्हीच उचललंत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" इवानागा-सान म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे? पट्टी बघितलीत आणि पुढे गेलात." तिनं बोटं पुसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बरेच दिवस एका जागी उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची मिळाल्यावर जे असतं ते होतं. "मला वाटत होतं, कोणीतरी नाही म्हणावं. रोज वाटत होतं. मला तो घाट बघायचाय. रोज इथले तेच तेच चढ बघते."

इवानागा-साननी पुस्तिका उघडली, मोकळ्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं, चांगल्या अक्षरात, आणि खाली बारीक: नकाशा, इवानागा. मग विचारलं, "मी पुढे बसलो तर चालेल?" "बसा. पण पाय दाबू नका," सुमियो म्हणाली, "तुमच्या बाजूला ब्रेक नसतो."

तामाकी ट्रामनं गेली, जाताना थांब्यावरून दोन्ही हात हलवत. बाकीच्यांना सुमियोनं तिच्या छोट्या व्हॅनमधून घरी सोडायचं ठरवलं. आत भाताचा आणि लोणच्याचा वास, मागे रिकामे डबे एकमेकांवर खडखडत. कोनोहा आणि चिझुरू मागे बसल्या. चढ सुरू झाला, मग अरुंद झाला, दोन्ही बाजूंच्या भिंती काचेला लागतील एवढ्या जवळ आल्या. चिझुरू खिडकीतून बघत होती आणि प्रथमच तिला स्लोव्हेनियाचा घाट दिसला, गाडी मागे न येता दिसला. पुढे कोणीतरी काहीतरी गुणगुणत होतं, आणि ते आपणच आहोत हे तिला उशिरा कळलं. तेवढ्यात वळणावरून गॅसच्या टाक्यांचा ट्रक उतरत समोर आला. दोघांना जागा नव्हती. ट्रकवाल्यानं हात जोडले. "येते मागे," सुमियो स्वतःशीच म्हणाली, आणि मान वळवून, एक हात नवऱ्याच्या सीटमागे टाकून, व्हॅन मागे घेऊ लागली. सावकाश नाही. चांगली झरझर, उतारावरून, भिंतींच्या मधून. इवानागा-साननी डोळे मिटले आणि पाय दाबला. चिझुरूचा हात आपोआप आडवा झाला, कोनोहाच्या छातीवर, घट्ट. डबे खडखडले. आपण परत कुठे चाललोय, असं आता ही विचारणार, म्हणून चिझुरूनं श्वास धरला.

कोनोहानं आजीचा हात बाजूला केला. पट्टा जेवढा वळू देत होता तेवढी वळली, मागच्या काचेला नाक लावलं, खाली वळण नीट पाहून घेतलं. मग फळाच्या रसानं चिकट झालेला तळवा वर धरून, पेट्रोल पंपावरची माणसं गाडी मागे घेणाऱ्याला म्हणतात तसं, सूर लांबवून, ती मोठ्यानं म्हणू लागली, "येऊ द्या. येऊ द्या. अजून येऊ द्या."